मोठ्या कादंबरीला हात घालताना

‘कोसला’ घरात आणून ठेवली आहे, पण उघडायचा धीर होत नाही. ‘वॉर अँड पीस’ सुरू केली की पहिल्या मेजवानीतच अडकायला होतं. सगळे जिला थोर म्हणतात तिचा मला कंटाळा आला, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे का? नोकरी, घर, प्रवास सांभाळून जमेल तसं वाचणाऱ्या माणसांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांत कुतूहल असतं, धाक असतो आणि थोडी लाजही असते. कुतूहल जपावं. धाक आणि लाज मात्र बिनकामाची आहेत, आणि तसं म्हणायला भक्कम आधार आहे.

ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ आज अभ्यासक्रमात आणि वाङ्मयाच्या इतिहासात मानाने बसलेली आहे. पण ती आधी ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः आली. आपट्यांनी १८९० मध्ये हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्याचं नावच त्याचा वाचक कोण ते सांगतं. टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’चे पहिले भाग १८६५ पासून ‘रूस्की वेस्तनिक’ या मासिकात येऊ लागले. दस्तयेव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ १८६६ मध्ये त्याच मासिकात आली. म्हणजे या कादंबऱ्यांचे पहिले वाचक पुढच्या अंकाची वाट बघत, मध्ये बराच खंड पडू देत, आधीचं थोडं विसरत वाचत होते. तुम्ही लोकलमध्ये किंवा रात्री झोपण्याआधी चार पानं वाचता, तेव्हा तुम्ही त्यांच्याच रीतीने वाचता. सगळ्याच थोर कादंबऱ्या अशा हप्त्यांनी आलेल्या नाहीत, पण जमेल तसं वाचणाऱ्याला त्यांच्या दारात उभं राहायचा पूर्ण अधिकार आहे.

आधी कारण पक्कं करा

ही कादंबरी मला का वाचायची आहे, याचं उत्तर स्वतःपुरतं खरं द्या. कुणी शिफारस केली, आजोबांच्या कपाटात होती, सिनेमा आवडला, त्या काळातल्या बायकांचं जगणं समजून घ्यायचं आहे, मुलीला शाळेत उतारा होता: यांतलं कुठलंही कारण चालतं. ‘वाचायला हवी म्हणून’ हे एकच कारण असेल तर मात्र थोडं थांबा. ते कारण पन्नासेक पानं पुरतं, मग पुस्तक उशाशी धूळ खात पडतं आणि लाज आणखी वाढते. अशा वेळी त्याच लेखकाचं लहान पुस्तक किंवा त्याच विषयावरची दुसरी कादंबरी घेतलेली बरी.

सुरुवात कुठून करावी

जाडी बघून घाबरू नका आणि जाडी बघून निश्चिंतही होऊ नका. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) चांगली जाडजूड आहे. पण कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडाने कथा सांगतात आणि ती कथा आपल्याला लहानपणापासून माहीत असते, त्यामुळे सवय नसलेला वाचकही ती भराभर वाचत जातो. याउलट पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ (१९६२) हातात मावेल एवढी आहे, पण ती पत्रांतून उलगडते. पत्रं एकाच बाजूची आहेत आणि न सांगितलेलं बरंच काही वाचकाने ओळखायचं असतं. ती एका बैठकीत संपवायला गेलात तर हाती फार थोडं लागेल.

मोठ्या कादंबरीची सवय नसेल तर पुढच्यांपैकी एक निवडा. माझी पसंती क्रमाने देतो आहे.

- ‘बनगरवाडी’ (व्यंकटेश माडगूळकर, १९५५). धनगरांच्या लहानशा वाडीत शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर आणि त्याच्याभोवतीची माणसं. वाक्यं लहान आणि वर्णन नेमकं, एकही शब्द फुकट नाही. पहिली म्हणून हिच्याइतकी योग्य कादंबरी मराठीत क्वचितच सापडेल.
- ‘रणांगण’ (विश्राम बेडेकर, १९३९). युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, आणि चक्रधर व हॅर्टा यांची काही दिवसांची ओळख. कादंबरी आटोपशीर आहे, पण वाचून झाल्यावर तिच्यातून लवकर बाहेर पडता येत नाही. लगेच दुसरं पुस्तक हाती घेऊ नका.
- ‘श्यामची आई’ (साने गुरुजी, १९३५). गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. रचना रात्रींची आहे, म्हणून रोज एक रात्र वाचता येते. लहानपणी वाचली असेल तरी आई-वडील झाल्यावर पुन्हा वाचा. आपण तिच्यात कुणाच्या बाजूला उभे आहोत हे बदललेलं असतं.
- ‘कोसला’ (भालचंद्र नेमाडे, १९६३). हिच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

‘ययाती’ (वि. स. खांडेकर, १९५९) पहिली म्हणून घ्यावी का, असं पुष्कळ जण विचारतात. या कादंबरीसाठी खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, त्यामुळे दबदबा मोठा आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतः बोलतात, ही तिची जमेची बाजू. मात्र भाषा अलंकारिक आहे. उपमा आणि चिंतन तुम्हाला आवडत असेल तर जरूर घ्या, नसेल तर दुसरी किंवा तिसरी म्हणून घ्या.

पुस्तक घेताना काय तपासावं

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. आत शिरण्याआधी पहिली दोन-चार पानं उलटून पाहा.

- ‘संक्षिप्त’, ‘रूपांतर’, ‘स्वैर अनुवाद’ असं कुठे लिहिलं आहे का? परदेशी कादंबरी मराठीत दीड-दोनशे पानांत मिळत असेल आणि मूळ हजारांच्या घरात असेल, तर ती कापलेली आहे. संक्षिप्त आवृत्ती वाचण्यात कमीपणा नाही, पण काय वाचतो आहोत ते माहीत असावं. ‘टॉलस्टॉय काही खास वाटला नाही’ असं ठरवण्याआधी तो टॉलस्टॉय किती शिल्लक होता ते बघायला हवं.
- अनुवाद असेल तर मधलं कुठलंही एक पान उघडून दोन परिच्छेद मोठ्याने वाचा. जीभ अडखळत असेल तर दुसऱ्या अनुवादकाचं पुस्तक शोधा. इंग्रजी सहज वाचत असाल तर तीही वाट आहे.
- अक्षराचा आकार पाहा. चाळिशीनंतर बारीक टाइपातली सहाशे पानं हेच कादंबरी अर्धी सुटण्याचं खरं कारण असतं, आणि त्याचा दोष विनाकारण लेखकाला जातो.
- पदपथावर फार स्वस्तात मिळणाऱ्या प्रतींत पुष्कळदा छपाई पुसट असते, पानं गहाळ असतात, आणि लेखकाला किंवा त्याच्या वारसांना त्यातून काही मिळत नाही. दुकानातून घेतलेल्या प्रतीत पानं उलटसुलट किंवा कमी निघाली तर पावती घेऊन जा आणि बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

मोफत काय वाचता येतं, याविषयीही गोंधळ आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो. ही वर्षं निधनानंतरच्या जानेवारीपासून मोजतात. आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. या दोघांच्या कादंबऱ्या आता कुणीही छापू शकतो आणि विकिस्रोतासारख्या ठिकाणी जुनी मराठी पुस्तकं उघडपणे वाचता येतात. ‘कोसला’, ‘रणांगण’, ‘बनगरवाडी’ यांच्या मोबाइलवर फिरणाऱ्या फुकट फायली मात्र कायदेशीर नाहीत. आणखी एक बारकावा लक्षात ठेवा: टॉलस्टॉयची मूळ रशियन कादंबरी मुक्त असली, तरी अलीकडच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो.

पैसे घालायची खात्री नसेल तर ग्रंथालय हा सगळ्यात चांगला मार्ग. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली शासनमान्य ग्रंथालयं गावोगावी आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे. सभासद होताना अनामत किती, ती परत कधी मिळते, पुस्तकाची मुदत किती आणि मुदतवाढ किती वेळा मिळते, हे चार प्रश्न विचारून घ्या. मोठी कादंबरी नेहमीच्या मुदतीत क्वचितच संपते. मुदतवाढ आधीच ठरवून घेतली की तारखेचा धाक राहत नाही. हवं ते पुस्तक नसेल तर तशी लेखी मागणी करा.

जुन्या मराठीची अडचण

‘घरांत’, ‘तें’, ‘मीं’ असे अनुस्वार पाहून अनेकांना वाटतं की ही भाषा आपल्याला झेपणार नाही. जुन्या पद्धतीनुसार हे अनुस्वार लिहीत असत, पण ते उच्चारले जात नसत. १९६२ च्या लेखननियमांनंतर ते गेले. वाचताना टिंबाकडे दुर्लक्ष करा. दहा-पंधरा पानांत डोळ्यांना सवय होते आणि खालची भाषा बरीचशी आपल्या आजीची निघते.

अनोळखी शब्दांसाठी दर ओळीला थांबू नका. एखादा शब्द वारंवार येत असेल आणि त्याच्याशिवाय अर्थ अडत असेल, तरच कोश उघडा. एकोणिसाव्या शतकातल्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आजही सर्वांत कामाचा आहे. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती संगणकावर मोफत शोधता येते. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ मोठ्या ग्रंथालयात मिळेल.

बोलीचा उपाय वेगळा आहे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली वऱ्हाडी किंवा श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’मधलं कोकण डोळ्यांनी अडतं, कानाला लगेच कळतं. पहिली दोन प्रकरणं मोठ्याने वाचा. घरात त्या भागाचं कुणी असेल तर त्यांच्याकडूनच वाचून घ्या.

वाचायची रीत

‘पण लक्षात कोण घेतो?’ हे उदाहरण घेऊ. यमू आपली हकीकत स्वतः सांगते: माहेर, मैत्रीण दुर्गी, लग्न, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईतले बरे दिवस, आणि नंतर जे होतं ते. ही कादंबरी एका दमात वाचू नये, असं माझं ठाम मत आहे. तिच्यात घरातल्या रोजच्या अपमानांची बारीक नोंद आहे आणि शेवट फार क्लेशदायक आहे. सलग वाचलं की मन बधिर होतं आणि मग ‘किती रडकी आहे’ असा शेरा सहज मारला जातो. आठवड्याला थोडी प्रकरणं ठेवा. मधल्या दिवसांत यमू डोक्यात राहते, आपल्या घरातल्या जुन्या बायकांच्या अर्धवट ऐकलेल्या गोष्टी आठवतात. कादंबरीचं निम्मं काम त्या मधल्या दिवसांत होतं. सध्या घरात दुःख असेल, कुणाचं जाणं ताजं असेल, तर ही कादंबरी पुढे ढकला. ती कुठे जात नाही.

‘वॉर अँड पीस’ची भीती लांबीची असते आणि अडचण निघते नावांची. पहिलं दृश्य जुलै १८०५ मधलं, पीटर्सबर्गमध्ये आना पावलोव्हना शेरर हिच्या दिवाणखान्यातलं. तिथे भराभर माणसं येतात, फ्रेंचमध्ये बोलतात आणि ज्याच्याबद्दल बोलतात तो नेपोलियन तिथे नसतोच. अनेक वाचक इथेच थांबतात. त्यांनी असं करून पाहावं:

- एका कागदावर चार घराणी लिहा: बेझुखॉव, बोल्कोन्स्की, रोस्तॉव, कुरागिन. नवीन माणूस आला की त्या-त्या घराखाली नाव टाका. कुठल्याच घरात बसत नसेल तर तूर्त सोडून द्या.
- रशियन नावात मधे वडिलांचं नाव असतं, आपल्यासारखंच. नताशा ही इल्या रोस्तॉवची मुलगी, म्हणून नताल्या इल्यिनिश्ना. पिएर बेझुखॉव हाच प्योत्र किरिलोविच. एकच माणूस तीन नावांनी आला तर गोंधळू नका.
- रोस्तॉवांच्या घरातला नामदिवसाचा प्रसंग येईपर्यंत निर्णय घेऊ नका. तिथे तेरा वर्षांची नताशा धावत मोठ्यांच्या बैठकीत शिरते आणि कादंबरीत जीव येतो. तिथवर पोचूनही काही हललं नाही तर पुस्तक ठेवायला हरकत नाही.
- लढायांमध्ये कुठली तुकडी कुठे गेली हे पाठ करू नका. ऑस्टरलिट्झला आंद्रे बोल्कोन्स्कीच्या मागे राहा, बोरोदिनोला पिएरच्या मागे. गोंधळलेल्या सैनिकाला जेवढं दिसतं तेवढंच दाखवायचं आहे टॉलस्टॉयला.
- उपसंहाराचा दुसरा भाग हा इतिहासावरचा निबंध आहे, गोष्ट त्याआधी संपते. पहिल्या वाचनात तो गाळला तरी चालेल.

कादंबरीत एकूण ३६१ प्रकरणं आहेत आणि बहुतेक लहान आहेत. रोज एक वाचलं तरी वर्षाच्या आत होते. रोज ‘किती पानं झाली’ हे मोजू नका, प्रकरण संपवून उठा. प्रकरण जिथे थांबतं तिथे लेखकाने काही ठरवून थांबवलेलं असतं.

‘कोसला’ची गोष्ट निराळी. तिथे नावं सोपी आहेत, भाषा बोलीच्या जवळची आहे, आणि तरीही वाचक विचारतो की यात घडतं काय? पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावाहून पुण्याला शिकायला येतो, रमत नाही, परत जातो. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द इतके येतात की काहींना छपाईची चूक वाटते. तो त्याचा बोलण्याचा ढंग आहे. जे फार लागतं ते थेट सांगायचं टाळण्याची त्याची ती रीत आहे. पुढे काय होतं याची वाट बघत वाचाल तर निराशा होईल, तो कसा सांगतो ते ऐकत राहिलात तर हसूही येईल. मधली इतिहासाची नक्कल आणि डायरीसारखे तुकडे जड गेले तर वेगाने पुढे जा. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग मात्र घाईत वाचू नका. तोवर कादंबरी कोरडी वाटली असेल तर तिथे मत बदलण्याची शक्यता आहे. आणि वय विचारात घ्या. विशी-पंचविशीत ही कादंबरी कित्येकांना आपलीच वाटते, पन्नाशीत पांडुरंगाच्या वडिलांचीही बाजू दिसू लागते. दोन्ही वाचनं खरी आहेत.

प्रस्तावना, सिनेमा, ध्वनिपुस्तक

अभ्यासकाची प्रस्तावना शेवटी वाचा, तिच्यात शेवट उघड केलेला असतो आणि तुमचं मत बनण्याआधीच दुसऱ्याचं मत येऊन बसतं. लेखकाने स्वतः लिहिलेले दोन शब्द आधी वाचायला हरकत नाही. सिनेमा आधी पाहिल्याने काही बिघडत नाही. अमोल पालेकरांचा ‘बनगरवाडी’ (१९९५) पाहून पुस्तकाकडे वळलात तर चेहरे तयार मिळतात. ऐकणं हेही वाचणंच आहे, विशेषतः डोळे थकलेल्यांसाठी. फक्त ध्वनिपुस्तकही संक्षिप्त नाही ना, ते पाहून घ्या.

खटकलं तर

जुन्या कादंबऱ्यांत जातीविषयी, बायकांविषयी, धर्माविषयी आज न पटणारं बरंच असतं. थोर पुस्तक आहे म्हणून ते गिळून टाकायची सक्ती नाही. ते वाक्य पात्राचं आहे की लेखकाचं, हे मात्र आधी पाहा. यमूच्या आसपासची माणसं जे बोलतात ते आपट्यांचं मत नव्हे, त्यांना तेच उघडं पाडायचं होतं. तपासूनही लेखकच तसं मानतो असं दिसलं, तर तुमचा राग रास्त आहे. रागासकट पुढे वाचता येतं आणि रागामुळे थांबताही येतं.

सोडून द्यायचा हक्क

फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ च्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क मांडले. पानं गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क त्यांत आहे. तो बजावा, पण बजावण्याआधी कंटाळा कुठल्या जातीचा आहे ते बघा.

दमल्यामुळे आलेला कंटाळा असेल तर वेळ बदला, रात्री अकराऐवजी सकाळी वाचा. माणसांची ओळख पटत नसल्यामुळे आला असेल तर वर सांगितलेला कागद करा. अनुवाद कच्चा असेल तर प्रत बदला. सगळं कळतंय, वेळही आहे, आणि तरी या माणसांचं पुढे काय होतं याची तुम्हाला पर्वा वाटत नाही, असं असेल तर बंद करा. कुणाला कारण द्यायला तुम्ही बांधील नाही. ‘मला नाही आवडली’ असं स्पष्ट सांगणारा वाचक न वाचता मान डोलावणाऱ्यापेक्षा त्या कादंबरीला अधिक मान देतो.

सोडताना एक छोटं काम करा. कुठल्या प्रकरणाला थांबलात आणि तोवर काय झालं, हे चार ओळींत लिहून ठेवा. प्रत स्वतःची असेल तर आतच चिठ्ठी ठेवा, ग्रंथालयाची असेल तर वहीत लिहा. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा इच्छा झाली तर पहिल्या पानापासून सुरू करू नका, कारण पुन्हा त्याच जागी थकाल. चिठ्ठी वाचा आणि थांबलेल्या जागेच्या एक प्रकरण मागून सुरू करा. ‘वॉर अँड पीस’ पहिल्या युद्धात सुटली असेल तर सरळ दुसरा खंड उघडा: निकोलाय रोस्तॉव रजेवर घरी आलेला असतो, सगळं घर त्याच्या गळ्यात पडतं, आणि कोण कोणाचं ते त्या एका प्रसंगात पुन्हा कळतं.